मशीन बघून लॅब निवडू नकोस

अगं बाळा,

काल फोनवर तू तिन्ही लॅबच्या जाहिराती वाचून दाखवल्यास आणि म्हणालीस, दुसरीत क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, गोठवलेलं प्रोटीन इलेक्ट्रॉनने बघणारी मशीन, तिथेच जाते. मी गप्प बसले कारण फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

एवढी महागडी मशीन बऱ्याच ठिकाणी अख्ख्या संस्थेत मिळून एकच असते, तिच्यावर वेगळा ऑपरेटर, बुकिंगला रांग, आणि नवीन पोरगी महिनोन्‌महिने सॅम्पल बनवून देत बसते. सॅम्पल बनवणं हलकं काम नाही हं, क्रायोत तर निम्मा खेळ तिथेच असतो. टिकलीपेक्षा लहान जाळीवर प्रोटीनचा थेंब टाकायचा, कागदाने टिपायचा आणि गार केलेल्या द्रव इथेनमध्ये झटकन बुडवायचा, इतकं झटकन की पाण्याला बर्फाचे खडे करायला वेळच मिळू नये, ते काचेसारखं गोठायला हवं. पण ती जाळी दुसऱ्याच्या हातात देऊन तू परत यायचं आणि आत काय दिसतंय ते त्यानेच बघायचं, तर तू शिकणार काय?

मी इतकी वर्षं साध्या मायक्रोस्कोपवर रक्ताच्या स्लाइड बघितल्या. १०० एक्सच्या लेन्सखाली तेलाचा थेंब टाकतात, त्यात बुडबुडा राहिला की सगळं धूसर दिसतं, आणि नवीन मुलं फोकसचा नॉबच फिरवत बसायची. बुडबुडा ओळखायला मला कुणी शिकवलं नाही, रोज हाताखाली मशीन होती म्हणून कळलं.

एरिक बेट्झिग या अमेरिकन शास्त्रज्ञाचं बघ ना. नोकरी सोडून वडिलांच्या मशीन बनवणाऱ्या कंपनीत गेला, परत संशोधनाकडे वळला तेव्हा हाताशी लॅबच नव्हती, मग मित्र हॅरल्ड हेसच्या घरी दिवाणखान्यात दोघांनी मायक्रोस्कोप जुळवला. साध्या प्रकाशात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत हे जर्मन शास्त्रज्ञ अबेने १८७३ मध्ये सांगितलेलं, ती मर्यादा ओलांडायला यांनी एका वेळी थोडेच रेणू चमकवले, प्रत्येकाचा मधला बिंदू हुडकला, आणि असे हजारो फोटो एकत्र करून चित्र काढलं. २००६ ला पेपर, २०१४ ला आणखी दोघांबरोबर नोबेल!

मुलाखतीत तूच विचार, मशीनवर मला स्वतःला आठवड्याला किती तास मिळतील, अलाइनमेंट बिघडली तर आपण करायची की कंपनीचा इंजिनिअर येईपर्यंत थांबायचं, डेटा टेराबाइटमध्ये जमतो तो ठेवायचा कुठे आणि त्याचं अनॅलिसिस कोण शिकवणार. जागा पीएचडीची की फॅसिलिटीतली, म्हणजे सगळ्यांसाठी मशीन चालवून देणाऱ्या विभागातली, तेही नीट वाच, फॅसिलिटीत हात छान बसतो पण प्रश्न बहुतेक दुसऱ्यांचे असतात आणि तुला तर स्वतःचा प्रश्न हवाय, मला माहितीये. आणि तिथल्या जुन्या मुलामुलींशी बोल, बॉस समोर नसताना.

मला विचारशील तर तिसरी. तिथला कॉन्फोकल, म्हणजे लेसरवाला मायक्रोस्कोप, जुना आहे, असू दे. जिवंत पेशीवर लेसर किती मारायचा, जास्त झाला की रंगाची चमक उडते आणि पेशीही मरते, हे तिथे पहिल्याच महिन्यात तुझ्या हाताने करू देणार म्हणालेत ना? मग आधी त्यांना फोन लाव, आणि काय म्हणाले ते रात्री कितीही वाजले तरी मला सांग, मी जागी आहे.

तुझी आई