केप मेला निघण्याआधी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद,

ऑक्टोबरच्या लाँग वीकएंडला तुम्ही सगळे न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला समुद्रकाठी असलेल्या केप मे गावच्या व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या) महोत्सवाला निघालात, याचा फार आनंद झाला. विहीणबाई, व्याही आणि नील बरोबर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी राहायचं बघ. तिथल्या जुन्या लाकडी घरांमधल्या बी-अँड-बीत (नाश्त्यासह खोली देणाऱ्या घरगुती मुक्कामात) लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, उभे असतात. विहीणबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली हवी, असं बुकिंग करतानाच सांग. काही ठिकाणी लहान मुलांना घेत नाहीत, तेही आधी विचार. अशा वीकएंडला बहुतेक जण दोन रात्रींची अट घालतात, तेव्हा एका रात्रीची खोली शोधण्यात वेळ घालवू नकोस. एडिसनहून रस्ता सोपा आहे. गार्डन स्टेट पार्कवेवर एक्झिटचा आकडा म्हणजेच मैलाचा आकडा. तुमचा १३१, केप मेचा शून्य. पण शुक्रवारी संध्याकाळी सगळं उत्तर जर्सी त्याच रस्त्यावर असतं. दुपारी दोनच्या आत निघा, नाहीतर सरळ शनिवारी पहाटे.

आता महोत्सवाचं. कार्यक्रम दरवर्षी बदलतात, पण घरं आतून दाखवणाऱ्या फेऱ्या, ट्रॉलीची (जुन्या ट्रामसारख्या बसची) सफर, त्या काळचे पोशाख घालून हिंडणारी माणसं आणि हस्तकलेचे स्टॉल असं साधारण असतं. स्टॉल दिवसभर असतात. घरांच्या आतल्या फेऱ्यांची तिकिटं मात्र ठरावीक वेळेची आणि मोजकी, म्हणून ती पहिल्यांदा काढ, आणि त्यातही फिझिक इस्टेटचं सगळ्यात आधी. जेवणाची वेळ त्याभोवती बसव. उलट केलंस तर शनिवारी दुपारी हातात फक्त फज (तिथली बर्फीसारखी मिठाई) उरेल.

फिझिक इस्टेटला एवढं महत्त्व का, ते सांगते. डॉ. एमलेन फिझिक यांच्यासाठी १८७९ मध्ये बांधलेलं हे अठरा खोल्यांचं घर पुढे पडीक झालं आणि पाडायला निघालं. ते वाचवायला १९७० मध्ये गावातल्या लोकांनी जी संस्था काढली, तीच आज हे कार्यक्रम भरवते. म्हणजे तुम्ही काढलेलं तिकीट त्याच लाकडाच्या डागडुजीला जातं. घराचा आराखडा फिलाडेल्फियाचे वास्तुकार फ्रँक फर्नेस यांचा मानतात. बाहेर थांबून आधी धुराडी बघा: वर रुंद, खाली निमुळती, जणू उलटी बसवलेली. व्हरांड्याच्या खांबांना जाडजूड लाकडी टेकू आहेत. घराचा सांगाडा झाकायचा नाही, उघडा दाखवायचा, ही या घराच्या शैलीची सगळी गंमत. आतली फेरी पाऊण तासाची असते. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायची, भिंतीला टेकायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. नीलला हे गाडीतच सांगून ठेव.

तिथल्याच जुन्या बग्गीखान्यात चहाची जागा असायची, सध्या चालू आहे का ते आधी विचार. काकडीची सँडविचेस, स्कोन असा थाट. शाकाहारी ताटाचं बुकिंग करतानाच सांग. स्कोनमध्ये अंडं असतं का, तेही विचार, विहीणबाई खात नाहीत.

ट्रॉलीची सफर शनिवारी सकाळीच करा. बसल्याबसल्या गाव कळतं, मग पायी कुठे जायचं ते ठरवता येतं. पायी फिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तर सगळं गाव उलगडेल: १८७८ च्या नोव्हेंबरची आग. त्या आगीत गावाचा सुमारे ३५ एकर भाग जळाला, मोठमोठी लाकडी हॉटेलं गेली. गर्नी स्ट्रीटवर एकसारखी आठ घरं आहेत, ती १८६९ च्या सुमाराची, आगीआधीची. जॅक्सन स्ट्रीटवरची ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाची सात सारखी घरं १८९१ ची, आगीनंतरची. आणि काँग्रेस हॉल हे हॉटेल आगीत गेलं, ते १८७९ मध्ये पुन्हा उभं राहिलं ते विटांचं. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९१ च्या उन्हाळ्यात तिथूनच कारभार चालवला. त्याच्या उंच खांबांच्या व्हरांड्यात व्याह्यांना आरामात बसवा, समोर समुद्र आहे.

घरांचे रंग बघून सगळेच खूश होतात. तू जरा खाली वाकून खांबाचा बुंधा बघ. लाकूड आडवं कापलं की त्या टोकाच्या रेषांमधून पाणी वर शोषलं जातं, म्हणून खांब, कठडे आणि उंबरे खालूनच कुजतात. नीट राखलेल्या घरात बुंध्याखाली हवा खेळायला फट ठेवलेली असते. खारं वारं रंगावर मीठ बसवतं, मीठ ओल धरतं. ते गोड्या पाण्यानं न धुता वर नवा हात मारला की रंग पापुद्र्यासारखा सुटतो. समुद्राच्या बाजूची भिंत आणि मागची भिंत ताडून बघ, फरक दिसेल. छताच्या कडेची लाकडी झालर वाफेवर चालणाऱ्या करवतींनी कापलेली, अनेकदा कॅटलॉग बघून मागवलेली. माथेरानच्या जुन्या बंगल्यांना अशीच झालर असते, ती विहीणबाईंना दाखव, त्या लगेच ओळखतील.

लाफायेट स्ट्रीटवरचं हॅरिएट टबमन संग्रहालय चुकवू नका. गुलामांना सोडवून आणायच्या मोहिमांसाठी पैसे जमवायला त्या १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला याच गावात स्वयंपाकाचं काम करत होत्या. श्रीमंतांचे उन्हाळे ज्यांच्या कष्टांवर उभे होते, त्यांचं नाव घेतल्याशिवाय त्या घरांची गोष्ट अर्धीच राहते. उघडण्याचे वार आधी तपासून घे.

दीपगृह रविवारी सकाळी. १८५९ चं आहे, चढायला १९९ पायऱ्यांचा लोखंडी गोल जिना. मध्ये टप्प्यांवर थांबता येतं, पण लिफ्ट नाही, म्हणून चढायचं ते तू, जावईबापू आणि नीलनं. पायात घट्ट, सपाट बूट हवेत. व्याही-विहीणबाईंना तोवर शेजारच्या ससाणे बघायच्या मचाणाकडे बसवा. ऑक्टोबरात दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी आणि मोनार्क फुलपाखरं तिथे दिसतात. वायव्येचा वारा सुटला की पक्षी जास्त, कारण वारा त्यांना किनाऱ्याकडे ढकलतो आणि समोरची खाडी ओलांडण्याआधी ते या टोकाशी गोळा होतात.

मग सनसेट बीच. तिथले ‘केप मे डायमंड’ म्हणजे नदीनं वाहून आणलेले गारगोटीचे खडे. ओले असताना चकाकतात, वाळले की धुरकट पांढरे. नील घरी येऊन हिरमुसेल, तेव्हा आधीच सांग की त्यांना पॉलिश करावं लागतं. छोटा रॉक टंबलर (खडे घासून गुळगुळीत करणारं फिरतं पिंप) आण. पिंप दोन तृतीयांश खड्यांनी भर, पाणी खड्यांच्या वरच्या थराच्या जरा खाली. सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड (६०/९०; आकडा मोठा तितकी पूड बारीक) आठवडाभर, मग २२० ची, मग ५०० ची, शेवटी पॉलिशची, प्रत्येकीला साधारण आठवडा. दर वेळी खडे आणि पिंप अगदी स्वच्छ धू. भरड पुडीचा एक कण राहिला तरी पुढे चरे पडतात. धुतलेला गाळ सिंकमध्ये ओतू नकोस, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. तडा गेलेले खडे आधीच काढून टाक.

बीच टॅग (किनाऱ्यावर जायचे पास) ऑक्टोबरात लागत नाहीत, पण पार्किंगचे मीटर चालू असतात. संध्याकाळी वारा बोचरा असतो, विहीणबाईंची शाल गाडीत ठेव. सोमवारी परतताना सकाळी लवकर निघा.

व्याही आणि विहीणबाईंना नमस्कार, नीलला गोड पापा. फिझिक इस्टेटची तिकिटं मिळाली की लगेच कळव.

तुझी,
आई