लग्नखर्च म्हणजे मुलीचा वाटा नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा निवृत्त लेखापाल आहे. सारी नोकरी दुसऱ्यांच्या जमाखर्चातील चुका शोधण्यात गेली. स्वतःच्या घरच्या वहीतील एक ठळक चूक मात्र मला गेल्या दिवाळीपर्यंत दिसली नव्हती. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील आमच्या ठेवीची मुदत संपत होती आणि त्यातील काही रक्कम आपल्या हयातीतच तिन्ही मुलांना देऊन टाकावी, असे आम्हा उभयतांच्या मनात होते. कोणाला आजवर किती दिले हे पाहावे म्हणून जुनी वही काढली. थोरल्या मुलाच्या नावे २००९ साली पुण्यातील सदनिकेसाठी दिलेले सहा लाख रुपये होते. धाकट्याच्या नावे शिक्षणाचे शुल्क आणि पुढे दुकानाला दिलेले भांडवल मिळून साडेपाच लाख होते. मुलीच्या नावे २०११ सालची एकच नोंद होती: कार्यालय, आचारी, मांडव, मानपान, आहेर व दागिने मिळून पाच लाख चाळीस हजार. म्हणजे तिघांना साधारण सारखेच मिळाले, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती.

त्या पाच लाख चाळीस हजारांतून मुलीच्या हाती काय उरले, याचा हिशेब मी प्रथमच मांडला, तेव्हा चार तोळे सोन्यापलीकडे काही निघेना. बाकीचे पैसे पंगतीत उठले. पाहुण्यांपैकी बहुतेक आमचे होते, मानपान आमच्या हौसेचे होते आणि ‘लग्न थाटात केले’ असे गावात नाव झाले तेही आमचेच. थोरल्याला दिलेल्या सहा लाखांच्या मात्र भिंती उभ्या राहिल्या आणि त्या भिंतींचे मोल आज कितीतरी पटींनी वाढले आहे. त्याहून लाजिरवाणी गोष्ट पुढच्या पानावर होती. दोन्ही मुलांच्या लग्नांचा खर्च, सुनांना घातलेल्या दागिन्यांसह, कोणाच्याच नावे नव्हता. तो मी ‘घरखर्च’ या सदरात टाकला होता. लेखापालाने स्वतःच्या हाताने असे करावे आणि ते त्याच्या ध्यानातही येऊ नये, यावरून ही सवय आपल्यात किती खोल मुरली आहे हे कळावे.

हे केवळ माझ्याच घरचे नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायद्याने दिला. तरीही वडिलांच्या पश्चात वारसनोंदीची वेळ आली की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करताना दिसतात, आणि त्या सहीमागे ‘तिच्या लग्नात सगळे केले की’ हे एक वाक्य असते व माहेर तुटण्याची धास्ती असते. स्वकष्टार्जित मिळकतीचे तर बोलायलाच नको. ती कोणाला किती द्यावी हे कायद्याने आईवडिलांवरच सोडले आहे, त्यामुळे तेथे न्याय झाला की नाही हे विचारणारे घराबाहेर कोणी नसते. मुलांना दिलेल्या देणगीवर त्यांना आयकर लागत नाही, आणि २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन मुलाला अथवा मुलीला बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. देणे इतके सोपे झाले असताना ते बहुधा एकाच दिशेने होते, ही माझी तक्रार आहे.

तिघांना पैशापैशाची समानता असावी, असे मात्र मी म्हणत नाही. आम्ही धाकट्याजवळ राहतो. माझ्या पत्नीची औषधे, तपासण्या, रात्रीची जागरणे हे सारे आमची धाकटी सून करते आणि त्या घराला चार पैसे अधिक दिले तर ते योग्यच होईल. पण ते सेवेची जाण म्हणून, तसे स्पष्ट सांगून व लिहून द्यावे; ‘मुलगा आहे म्हणून’ या नावाखाली नव्हे. सगळेच एका हाती सोपवणाऱ्यांनी सांभाळाची अट दस्तातच घालावी हे बरे. सांभाळ झाला नाही तर दिलेले परत मिळवण्यासाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मिळतो तो अशा अटीमुळे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले खरे, पण त्यासाठी तिला तिथवर जावे लागले.

आम्ही काय केले तेही सांगतो. मुलीच्या पानावरील नोंद खोडून तेथे फक्त सोन्याची किंमत ठेवली, तिन्ही लग्ने ‘आमची हौस’ या एकाच सदरात घातली आणि भाऊबीजेला सगळे जमले असताना सुधारलेले पान वाचून दाखवले. मुलगी काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. धाकट्याने मान डोलावली. थोरल्याने थोड्या वेळाने विचारले, “बाबा, माझ्या सहा लाखांवर २००९ पासूनचे व्याज धरायचे, की घराचा आजचा भाव?” तो चिडून विचारत नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मुदतठेवीची रक्कम तूर्त आमच्या बचत खात्यावर तशीच आहे. कारण त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ अजून तयार नाही. अशी वाटणी केलेल्या आपल्या वाचकांपैकी कोणी ते कसे सोडवले हे या सदरातून कळवल्यास मी आभारी राहीन.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, सातारा