धावताना अंगावर काय बाळगावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की मराठवाड्यात जागोजागी मॅरेथॉनची तयारी सुरू होते आणि धावणाऱ्यांच्या अंगावरचे सामानही वाढू लागते. दंडाला मोबाइल, कमरेला पट्टा, कानात इअरफोन, मनगटावर जीपीएसचे घड्याळ, हातात बाटली आणि खिशात गाडीची किल्ली, असा सरंजाम घेऊन मंडळी पहाटे रस्त्यावर उतरतात. हौसेला मोल नसते, हे मान्य. पण यातले काय गरजेचे आणि काय नुसते ओझे, हे पाहिले पाहिजे.

एका पावलाला मीटरभर अंतर धरले तरी अर्धमॅरेथॉनमध्ये एकवीस हजार पावले पडतात, आणि पट्टा सैल असेल तर दर पावलाला तो त्याच जागी घासतो. पहिले काही किलोमीटर काही जाणवत नाही; मात्र घाम वाळून त्याचे मीठ साचले की कमरेची कातडी सोलवटते आणि अंघोळीचे पाणी पडताच माणूस कळवळतो. अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो वजन. ते एकाच हातात राहिले तर खांदा आखडतो, म्हणून हात बदलत राहावे.

आष्टी तालुक्यातील अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘खरा धावपटू काहीच बाळगत नाही’ असे सांगणारे भेटतात. परंतु आपल्यापैकी अनेकांना त्याच अंतराला दोन-अडीच तास लागतात. शिवाय मोठ्या स्पर्धेत साधारण दर पाच किलोमीटरला पाणी मिळते. सरावाच्या दिवशी सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला पहाटे चहाची टपरीही उघडलेली नसते. मार्चनंतर तर सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागते. तेव्हा पाणी हवेच, आणि लांब पल्ला असेल तर ओआरएसही; कारण घामावाटे मीठ जात असताना नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्र एक लिटरसाठीचे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणारे कमी नाहीत, त्यांनी पाकिटावरची सूचना वाचावी.

इअरफोनबाबत मात्र माझे मत कडक आहे. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावणाऱ्या रस्त्यावर कान बंद करून पळणे हा निव्वळ आततायीपणा आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले अंधारातच घराबाहेर पडतात; त्यांनी महागड्या घड्याळाआधी प्रकाश परावर्तित करणारी पट्टी घ्यावी आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने उजव्या कडेने धावावे.

मोबाइल आणि किल्ली अनेक जण केवळ ठेवायला जागा नाही म्हणून अंगावर वागवतात. स्पर्धेच्या आयोजकांनी सामान सांभाळण्याची चोख व्यवस्था करावी, आणि नगरपालिकांनी क्रीडांगणे व उद्यानांतील पिण्याच्या पाण्याचे नळ पहाटे पाचपासून सुरू ठेवावेत. एकट्याने लांब धावायला जाणाऱ्याने मोबाइल जरूर सोबत घ्यावा; पण तो बंद पडला तर ओळख पटावी, यासाठी नाव, रक्तगट आणि घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिशात ठेवावी.

आपला,
एक वाचक, बीड