वास आला म्हणून क्लोरीन कमी करू नकोस

बडोदे,
रविवार रात्र

प्रिय शुभे,

होमस्टेचे फोटो मिळाले. अंगणातला हॉट टब, मागे डोंगर, सगळं बघून फार बरं वाटलं. पण तुझ्या एका ओळीशी मी अडकले: ‘पाहुणे वासाची तक्रार करतात म्हणून क्लोरीनची पावडर निम्म्यावर आणली.’ दोनदा फोन केला, तुझ्याकडे रेंज नाही. म्हणून रात्रीच लिहायला बसले. हीच चूक आमच्या हातून झाली आहे.

यांच्या पाठीसाठी गच्चीवर हजार लिटरचा टब बसवला, हे तुला माहीत आहेच. दिवाळीला नणंदेची मुलं आली. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं झालं आणि दुपारी ती सगळी तेलकट डोक्यांनी टबात. संध्याकाळी पाण्यावर फेस धरला, दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर नाकाला झोंबणारा वास. हे म्हणाले, क्लोरीन जास्त झालंय, दोन दिवस टाकू नकोस. मीही मान डोलावली. भाऊबीजेला मुलं पुन्हा उतरली आणि दोन दिवसांनी पोहायच्या कपड्यांखाली लाल, पू धरलेल्या पुळ्या उठल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गरम पाण्याच्या टबात बसला होतात का? स्यूडोमोनास नावाचा जंतू. पुळ्या आठवड्याभरात आपोआप गेल्या. नणंद एका शब्दाने बोलली नाही, पण त्या लेकरांच्या पाठी अजून डोळ्यांपुढे येतात.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. शुभे, तो वास जास्त क्लोरीनचा नसतो. घाम, तेल, लघवी यांच्याशी झुंजून क्लोरीन त्यांना चिकटतं आणि क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. म्हणजे पाण्यात क्लोरीन असतं, पण जंतू मारायला मोकळं फारसं उरलेलं नसतं. तपासणीच्या पट्टीवर ‘फ्री’ आणि ‘टोटल’ असे दोन चौकोन असतात बघ. दोन्ही आकडे सारखे आले तर ठीक. टोटल जास्त आणि फ्री कमी आलं, की शॉक द्यायची वेळ झाली.

शॉक म्हणजे एकदम मोठा डोस, साचलेला मळ जाळून टाकणारा. बिनक्लोरीनचा शॉक मिळतो, पोटॅशियम मोनोपरसल्फेटचा. तो घाम-तेल जाळतो, पण जंतुनाशकाची जागा घेत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. दुसरा क्लोरीनचाच: टोटलमधून फ्री वजा करायचं आणि जे उरेल त्याच्या दहापट क्लोरीन द्यायचं. मी आठवड्यातून एकदा देते, आणि पाहुण्यांची गर्दी गेली की त्याच रात्री. ऊन उतरल्यावर दे, कारण उन्हात क्लोरीन उडून जातं. जेट चालू ठेव, झाकण निदान वीस मिनिटं उघडं ठेव आणि आकडा पुन्हा नेहमीच्या पातळीला आल्याशिवाय कुणाला आत सोडू नकोस. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच ओतायचं नाही. दोन प्रकारच्या क्लोरीनसाठी एकच चमचासुद्धा वापरू नकोस, ती एकमेकांत मिसळली तर भडकू शकतात.

रोजचा हिशेब असा. फ्री क्लोरीन निदान ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम, हवं. हजार लिटरला डायक्लोर या प्रकारच्या क्लोरीनची साधारण साडेपाच ग्रॅम पावडर तेवढं वाढवते. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, ७.२ ते ७.८ मध्ये ठेव. जेटच्या बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप चढतो. तो ८ वर गेला, की क्लोरीन असूनही त्याची धार बोथट होते. आणि डायक्लोरची एक खोड आहे: प्रत्येक डोसाबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात राहून जातं, ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि जंतू मरायला वेळ लागतो. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी तर हॉट टबात ते वापरूच नका म्हणते. तुझ्याकडे रोज नवे लोक, तेव्हा बिनसुगंधी साधं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन, बरं. मात्र थोडं थोडंच आण, साठवलं की त्याची ताकद कमी होते.

आपण आजव्याला सहलीला जायचो, आठवतं? सयाजीराव महाराजांनी बांधवलेल्या त्या तलावाचं पाणी पिऊनच आपण वाढलो, नळाच्या पाण्यावर कधी शंका घेतली नाही. पण नळाच्या टोकाला ०.२ पीपीएम क्लोरीन पुरतं, कारण ते पाणी वाहतं. टबात तेच पाणी ३८-४० अंशांवर फिरत राहतं, त्यात एकामागून एक माणसं उतरतात. जेटच्या तुषारांतून लिजिओनेला नावाचा जंतू श्वासात गेला तर न्यूमोनिया होतो, वयस्कांना आणि सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. तुझे पाहुणे बहुतेक निवृत्त मंडळी, मला खरी काळजी त्यांची वाटते.

म्हणून हे पत्र मिळताच टब बंद कर. पाणी सोडून दे (बागेत सोडणार असशील तर क्लोरीन शून्यावर आल्यावरच), पाइप साफ करायचं औषध फिरव, कारण आतल्या बुळबुळीत थरात जंतू लपून बसतात. फिल्टर धू. नवं पाणी बोअरचं असेल तर त्याचा जडपणाही तपास. पाहुण्यांना आधी साबणाने आंघोळ करायला सांग, संकोच करू नकोस. पाच वर्षांखालच्या मुलांना नको, गरोदर बायकांनाही नको.

पट्ट्यांची एक डबी माझ्या भाच्याबरोबर पाठवते, तो शुक्रवारी पुण्याला पोचेल. दिवसातून दोनदा तपास, टबात बरीच माणसं असतील तेव्हा तासातासाला. पहिले चार दिवसांचे आकडे मला फोनवर पाठव, फ्री आणि टोटल वेगवेगळे.

तुझी,
मंदा