तुमच्या डोंगलसाठी मी माझ्या कॉम्प्युटरची सिक्युरिटी बंद करणार नाही

प्रति, कस्टमर सपोर्ट हेड आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते,

आत्ताच तुमच्या सपोर्टच्या माणसाने माझा फोन कट केला म्हणून हे लिहितेय. तुमचं मराठी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर काय आहे, ते चालवायला यूएसबीला लावावं लागणारं लायसन्सचं डोंगल काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीच बनवलंय. माझा कस्टमर नंबर, एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) पावती, सगळ्या तिकिटांचे नंबर सोबत जोडलेत. एएमसी चालू आहे, पैसे भरलेले आहेत, हे आधीच लिहिते कारण प्रत्येक फोनला पहिला प्रश्न तोच असतो.

लालबागला माझं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, शाळांची आयकार्डं. जुना कॉम्प्युटर सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा होता, विंडोज ७ वरून अपग्रेड करत करत १० वर आणलेला, तुमचं सॉफ्टवेअर त्याच्यावर कुरकुर न करता चालत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप लागते, सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चढू देणारं सेटिंग) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते मशीन ११ वर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून नवीन मशीन घेतलं. घ्यायच्या आधी तुमच्याच वेबसाइटवर बघितलं, तिथे 'विंडोज ११ सपोर्टेड' असं ठळक लिहिलंय, आजही आहे, मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सेल्सवाल्यालाही फोनवर विचारलं, तो म्हणाला बिनधास्त घ्या मॅडम.

नवीन मशीनवर सॉफ्टवेअर बसलं, पण डोंगल लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२. म्हणजे डोंगलची विंडोजशी गाठ घालून देणारं छोटं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, त्याची डिजिटल सही विंडोजला पटत नाही. ड्रायव्हरवर तारीख २०१६ ची आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्येच, विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून, नियम केला की कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणारा नवीन ड्रायव्हर त्यांच्याकडे पाठवून त्यांची सही घ्यायची. जुन्या विंडोजवरून अपग्रेड झालेल्या मशीनला त्यातून सूट होती म्हणून माझ्याकडे इतकी वर्षं चालून गेलं, आणि नवीन मशीनवर पहिल्यापासून विंडोज ११, सिक्युअर बूट चालू, तिथे अडकलं. हे मी मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांत वाचलं. मी टाइपसेटर आहे, मला हे शोधून काढता येतं, आणि ज्या कंपनीने तो ड्रायव्हर लिहिला तिच्या सपोर्टमध्ये एकालाही हे माहीत नाही? प्रत्येक जण म्हणतो यूएसबी पोर्ट बदलून बघा. सगळे पोर्ट बदलून झाले. पुढचा फोन, पुढचा माणूस, परत पोर्ट बदला.

मग एकाने सांगितलं की विंडोज सिक्युरिटीत जा, कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी (कर्नलमध्ये भलता कोड शिरू न देणारं सेटिंग) बंद करा. मी विचारलं का, तर म्हणे 'असंच असतं, सगळ्यांना तेच सांगतो'. त्याने काहीही फरक पडला नाही, पडणारही नव्हता, कारण भानगड सहीची होती. मी ते लगेच परत चालू केलं. पण तुम्ही 'सगळ्यांना' हे सांगताय, आणि ज्यांना ते सेटिंग कशासाठी आहे हे माहीत नाही त्यांनी बंद करून तसंच सोडून दिलं असेल, त्यांची जबाबदारी कोणाची?

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं फोनच्या सुरुवातीलाच सांगता, तर काढून ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, मॅडम रीस्टार्ट करा, एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि सिक्युअर बूट डिसेबल करा. मी म्हटलं, त्याने डिस्कच्या एन्क्रिप्शनचा घोळ होईल का? तो म्हणाला, काही होत नाही, आम्ही रोज करतो. मी परत विचारलं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे, आधी सस्पेंड करायला नको का? त्यावर तो हसला. खरंच हसला. म्हणाला, 'मॅडम, तुम्ही फार वाचता.' मी त्याच्या सांगण्यावरून डिसेबल केलं आणि सेव्ह करून चालू केलं तर समोर निळा स्क्रीन, बिटलॉकरची रिकव्हरी की टाका, ४८ आकडे. हे व्हायचंच होतं, सिक्युअर बूटचं सेटिंग बदललं की बिटलॉकरला वाटतं कोणीतरी मशीनशी खेळतंय, त्याचं कामच ते आहे. मी त्याला सांगितलं की असं आलंय. तो म्हणाला, 'हे मायक्रोसॉफ्टचं आहे, आमच्या स्कोपमध्ये येत नाही.' तुमच्या माणसाने सांगितलेलं बटण, तुमच्या ड्रायव्हरसाठी, आणि पाच मिनिटांत ते तुमच्या स्कोपबाहेर? माझ्या अकाउंटमध्ये की सेव्ह होती म्हणून मोबाइलवर बघून ४८ आकडे टाकले आणि मशीन उघडलं. ज्यांच्याकडे की नसेल ते त्या निळ्या स्क्रीनवरच अडकून पडले असते.

मशीन उघडल्यावर मी सिक्युअर बूट परत चालू केलं आणि त्याला म्हटलं की मी हे बंद ठेवणार नाही, मला सही असलेला ड्रायव्हर द्या. तेव्हा तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते. 'ताई, तुम्ही पत्रिका छापता. तुमच्याकडे चोरायला आहे काय? तुम्हाला कोण हॅकर हॅक करणार?' मी म्हटलं तुमच्या सीनियरला द्या. तो म्हणाला, 'सीनियर पण हेच सांगणार. नाहीतर असं करा, घरात कोणाला कॉम्प्युटर कळत असेल तर त्यांच्याकडून फोन करा.' आणि कट.

याच दुकानात मी पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या काळापासून बसतेय. ज्याने मला हे ऐकवलं तो शाळेत जायच्या आधीपासून मी तुमच्या कंपनीची गिऱ्हाईक असेन.

माझ्याकडे चोरायला काय आहे ते सांगते. सोसायट्यांच्या अहवालासाठी मेंबर लोकांच्या याद्या येतात, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर, कोणाची किती थकबाकी. शाळेची आयकार्डं असतात, त्यात लहान मुलांचे फोटो, पत्ता, ब्लडग्रुप, आईवडिलांचे नंबर. मंडळांचे जमाखर्च असतात. त्याच कॉम्प्युटरवरून मी जीएसटी भरते, बँकेचे व्यवहार करते. आणि दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येतात. डीटीपीच्या दुकानात जेवढे अनोळखी पेनड्राइव्ह लागतात तेवढे दुसऱ्या कुठल्या धंद्यात लागत असतील असं मला वाटत नाही. विंडोजची कवाडं घट्ट हवीत ती माझ्यासारख्यांनाच.

आणि कोण हॅक करणार हा प्रश्न मुंबईत बसून विचारू नये. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरस आला तेव्हा न्हावाशेवाला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. त्याला कोणी मुद्दाम निशाण्यावर धरलं नव्हतं. तो व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला होता. म्हणजे तुमच्यासारखीच एक कंपनी, लोकांनी विश्वासाने बसवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यातून जगभर आग. म्हणूनच ड्रायव्हरच्या सहीचा मला एवढा आग्रह आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, तिथे शिरलेल्याला अँटीव्हायरस पण थोपवू शकत नाही, आणि जुने कच्चे ड्रायव्हर सोबत आणून त्यांच्या आडून आत घुसायची पद्धत हल्लेखोरांची नेहमीची झालीय. त्यासाठीच विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून अशा ड्रायव्हरची ब्लॉकलिस्ट आपोआप चालू असते. तुमच्या एका माणसाला आत यायला त्रास होतो म्हणून चाळीचं मुख्य दार कायमचं काढून ठेवा, असं तुम्ही मला सांगताय.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. विंडोज १० कधी बंद होणार ती तारीख तेव्हाच जाहीर होती. मधे चार वर्षं गेली. या चार वर्षांत तुम्ही एएमसीचं बिल वेळेवर पाठवलंत, दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज पाठवलात, पण एक ड्रायव्हर सहीला पाठवला नाहीत. बरं, ड्रायव्हर लागतच नाही अशी डोंगल बाजारात कधीपासून मिळतात, कीबोर्ड-माउससाठी विंडोजमध्ये असलेल्या साध्या एचआयडी ड्रायव्हरवर चालतात. तीही दिली नाहीत. दिलीत ती ऑफर, की नवीन व्हर्जन घ्या, त्यात डोंगल नाही, आणि किंमत अशी की नवीन कॉम्प्युटरच्या निम्म्याहून जास्त. जे चालेल म्हणून तुम्ही वेबसाइटवर लिहिलंय ते चालवून घ्यायला मी परत पैसे का भरू? एएमसी कशाची भरली मग?

एकाने असंही सुचवलं की जुनंच मशीन वापरा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात. सध्या तेच चाललंय, दुसरा इलाज नाही, माघी गणपतीच्या पावत्या थांबत नाहीत. जुन्यावर टाइप करायचं, पीडीएफ काढायची, नवीनवर न्यायची, चूक निघाली की परत जुन्यावर. पण त्या तारखेनंतर काय? तेव्हाही पोर्ट बदला म्हणाल?

तुम्हाला माहितीय की मी सोडून जाऊ शकत नाही, आणि खरा राग मला त्याचा आहे. माझ्याकडचं इतक्या वर्षांचं सगळं टायपिंग तुमच्या जुन्या फॉन्टच्या एन्कोडिंगमध्ये आहे, तुमच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक एन्कोडिंगमध्ये, १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट आली, पण धंदा तुमच्या फॉन्टवर उभा राहिला कारण छपाईला ते फॉन्ट सुंदर होते. आजही आहेत, ते मी नाकारत नाही. जुन्या फॉन्टमधलं युनिकोडमध्ये नेणारा तुमचा कन्व्हर्टर वापरून बघितला. तो गोऱ्हेंचं 'गोर्हे' करतो, कुऱ्हाडेंचं 'कुर्हाडे' करतो. लग्नपत्रिकेत वधूच्या बापाचं आडनाव चुकलं तर तो माणूस माझ्या काउंटरवर उभा राहतो, तुमच्या सपोर्टला फोन करत नाही. मराठीवर चाललेली कंपनी, आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र तुमच्या कन्व्हर्टरला कळत नाही. याचं मला ड्रायव्हरपेक्षा जास्त वाईट वाटलं. गिरगावपासून ठाण्यापर्यंत कितीतरी दुकानांनी तुमच्या फॉन्टवर मराठी छापली, मी स्वतः ओळखीच्या लोकांना तुमचं सॉफ्टवेअर घ्यायला लावलंय.

आता मला काय हवंय. विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि मेमरी इंटिग्रिटी दोन्ही चालू असताना चालेल असा मायक्रोसॉफ्टची सही असलेला ड्रायव्हर, किंवा ड्रायव्हर न लागणारं डोंगल, चालू एएमसीत, जास्तीचा एक रुपया न घेता. कन्व्हर्टर दुरुस्त करून. ते होईपर्यंत वेबसाइटवरचं 'विंडोज ११ सपोर्टेड' काढून टाका, अजून कोणीतरी ते वाचून मशीन विकत घेत असेल. आणि सिक्युअर बूट बंद करायला सांगणं तुमच्या सगळ्या सपोर्टवाल्यांना आजच्या आज थांबवायला लावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार, आणि मग ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं तुमचे वकील म्हणतील तर २०१९ चा कायदा त्यांनी नीट वाचावा, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरणारा त्यात ग्राहकच धरलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी पण लागत नाही. स्क्रीनशॉट, बिलं, कोड ५२ चा फोटो, निळ्या स्क्रीनचा फोटो सगळं फाइल करून ठेवलंय, आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ते डिलीट करू नका, आयोगासमोर मी तेच मागणार आहे.

फोन करू नका. उत्तर ईमेलवर द्या, आणि ते अशा माणसाकडून येऊ दे ज्याने तो ड्रायव्हर उघडून बघितलाय.