जालन्याच्या मिस्त्रीमामांना, हेराल्डवाल्याकडून

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही, ते ठाऊक आहे. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवील. मधेच तुम्ही "बस कर गं" म्हणालात तरी थांबायचं नाही, असं तिला आधीच बजावलंय. समोर आभार मानायला लागलो की तुम्ही लेथ चालू करता आणि माझं बोलणं त्या आवाजात बुडून जातं. म्हणून यावेळी चारचौघांत लिहितोय.

इतरांसाठी थोडं सांगतो. आमची गाडी स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, मद्रासची बनावट, १९६६ सालची. आजोबा परभणीत डॉक्टर होते, त्यांची. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जण हसतात. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इंग्लंडच्या ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच हेराल्डची चेसी आखूड करून बनवलेली होती आणि दोन्हींचं रूप इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरनेच घडवलं. बॉनेट तर अख्खं, मडगार्डांसकट, मगरीच्या जबड्यासारखं पुढे उघडतं. इंजिनाभोवती चाकावर बसून काम करता येतं. मिस्त्री लोकांना इतकी सोयीची गाडी पुन्हा कुणी बनवली नाही, हे तुमचंच मत.

तिचं मूळ इंजिन ९४८ सीसीचं, तीन मेन बेअरिंगचं. क्रँक इतक्यांदा ग्राइंड झाला होता की पुढच्या मापाची बेअरिंगं मिळेनात. म्हणून मी भंगारात निघालेल्या मारुती जिप्सीचं १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन घेतलं, गिअरबॉक्ससकट. पाच मेन बेअरिंगं, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, आणि महत्त्वाचं म्हणजे ते गाडीत लांबीच्या दिशेने उभं बसतं, मागच्या चाकांना ताकद देतं. जिप्सीची चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी गिअरबॉक्सपासून वेगळी असते. ती बाजूला ठेवली की गिअरबॉक्समधून सरळ मागे शाफ्ट नेता येतो. कागदावर सगळं फारच सोपं दिसत होतं.

संभाजीनगरातल्या एका गॅरेजने इंजिन बांधून दिलं. जमिनीवर स्टँडला लावून चालू केलं. वीस मिनिटांत आवाज बदलला, आणि इंजिन जाम. "तेल तुम्हीच आणलं होतं," असं मला ऐकवण्यात आलं. आणलं मीच होतं, त्यामुळे भांडताही येईना.

मग कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. एका रविवारी ते इंजिन छोट्या हत्तीत टाकून साठ किलोमीटरवर जालन्याला आणलं. मला वाटलं होतं तुम्ही विचाराल, किती दिवसांत पाहिजे. तुम्ही विचारलंत, "जेवला का?" आणि मग, "अडकलं कामून, ते आधी बघू. नवं करायचं मंग."

अडकलेला पिस्टन बाहेर काढल्यावर तुम्ही वरच्या रिंगेचे दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले होते. सगळी रिंग काळपट, पण जिथे तिची दोन टोकं समोरासमोर येतात तिथे आरशासारखी चकाकी. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या पिस्टनची एक धड रिंग घेतलीत, बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या भोकाच्या, खालच्या न घासलेल्या भागात उलट्या पिस्टनने सरळ सारलीत आणि रिंगेच्या टोकांमधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधली, पात घातलीत. पाच थाऊची, म्हणजे इंचाच्या पाच हजारांश जाडीची, पात जेमतेम गेली.

"इंचाला चार थाऊ. तुझा बोअर ७४ मिलिमीटर, म्हंजे तीन इंचाला जरा कमी. बारा थाऊ पायजे. तापली की रिंग लांबती. जागा नसंल तर जाईल कुठं? टोकाला टोक भिडलं, बोअर खाल्ला." मग माझ्याकडे बघून, "तू कुठं कामाला म्हणलास?"

वाळूजला, मामा. क्वालिटीत. दिवसभर दुसऱ्यांचे मायक्रॉन मोजतो, आणि स्वतःच्या इंजिनाची फट मोजायचं मला सुचलं नव्हतं. तेलाचा विषय मी त्या दिवसानंतर कुठेच काढला नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच शिरलं होतं. हे इंजिन भंगारात घालावं आणि सोळा व्हॉल्व्हचं, ऐंशी हॉर्सपॉवरचं नंतरचं जिप्सी इंजिन आणावं. तुम्ही चारही चाकांचे ड्रम हाताने फिरवून दाखवलेत. "याला डिस्क हाये का? नाही. मागचा ॲक्सल बघ, वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला की चाक पोटाखाली येतंय. आधी पस्तीसची गाडी होती, साठ लई झाले." वीस हॉर्सपॉवरवरून मी आठवडाभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो. हरलो.

ब्लॉकला लोखंडी लायनर असल्याने ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर करून तेच इंजिन वाचलं. नव्या रिंगा तुम्ही स्वतः बसवाल असं वाटलं होतं. तुम्ही स्टूल सरकवलंत आणि कानस माझ्या हातात दिलीत. टोक घासायचं ते फक्त बाहेरून आत, उलट कधी नाही, नाहीतर कड तुटते. दोन घाव, मोज. दोन घाव, मोज. चार पिस्टनांच्या आठ कॉम्प्रेशन रिंगा, तीन तास. सातवी मी जास्त घासली, चौदावर गेली. मला वाटलं ओरडाल. "चौदा चालंल, दहा चालत नाही," एवढंच म्हणालात आणि चहा सांगितलात.

इंजिन गाडीत बसवायचा भाग तर मी कारखान्यात सांगितला तेव्हा कुणाला खरा वाटला नाही. गर्डरला चेनपुली, तिला रिकामा ब्लॉक आणि गिअरबॉक्स, आणि तुमच्या हातात गवंड्याचा ओळंबा. चेसीच्या मधोमध दोरा ताणलेला. आम्ही ते धूड अकरा वेळा आत-बाहेर केलं. तेलाचं चेंबर स्टिअरिंगच्या रॅकपासून दोन सूत राहीपर्यंत तुम्ही पुढचं काही बोलूच दिलं नाहीत. प्रोपेलर शाफ्ट बनवताना दोन्ही टोकांचे यूजे (फिरते सांधे) एका रेषेत यावेत म्हणून खडूची एक लांब रेघ ओढलीत. ती रेघ अजून शाफ्टवर आहे, मी पुसलेली नाही.

आणि वेल्डिंग नाही. यावरून आपलं दोनदा वाजलं. चेसीला दोन अँगल डकवले की अर्ध्या दिवसाचं काम, असं माझं म्हणणं. तुम्ही तीन रविवार घालवून जुन्याच भोकांत बसणारे ब्रॅकेट केले. चेसीवर एक नवं भोक नाही, एक टाका नाही. "तुझ्या आज्याची गाडी हाये. उद्या तुझ्या पोराला जुनं इंजिन घालू वाटलं तर?" तेव्हा मला हा हट्ट वाटला होता. नंतर इंजिन बदलायच्या परवानगीसाठी आरटीओच्या चकरा मारताना नियम नीट वाचले. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. म्हणजे आत्ता आमच्या गाडीला ते दार बंद आहे, पण तुमच्या ब्रॅकेटांमुळे चार बोल्ट काढले की परत उघडू शकतं. तुम्ही तो नियम वाचला नव्हता, याची मला खात्री आहे.

रेडिएटरबद्दल मात्र माफी मागायचीय. तुम्ही बजावलं होतं, "बोअरचं पाणी घालू नको, खार धरतो." इंजिनाच्या बोअरमध्ये इतका गुंतलेलो की घरामागच्या बोअरचंच पाणी ओतलं मी, कूलंट नंतर घालू म्हणून. पंधरा दिवसांनी झाकणाला पांढरा थर. सगळं काढून धुतलं, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं. हे तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तुम्ही शेजारी बसून बदनापूरपर्यंत आलात. मी म्हटलं समृद्धीवर घेऊ. "इंजिन नवं हाये, टायर आणि ब्रेक जुन्या अकलेचे हायेत." जुन्याच रस्त्याने गेलो. तुम्ही पूर्ण वेळ काट्याकडे नाही, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून होतात, थरथर येते का बघत. बदनापूरला उसाचा रस पिताना पहिल्यांदा हसलात.

तुमचा हिशोब वहीच्या पानावर होता. बोअरिंग, शाफ्ट, ब्रॅकेट, सगळं वेगवेगळं लिहिलेलं. पहिल्या दिवशी इंजिन उघडून दोष शोधला, त्यापुढे फक्त एक रेघ. मी विचारलं तर म्हणालात, "बघायचे पैसे नसतात." मामा, असतात. त्या गॅरेजला मी न बघण्याचे पैसे दिले होते.

जुनं ९४८ गॅलरीत लाकडी ठोकळ्यांवर आहे. प्लगच्या भोकांतून तेल सोडलंय आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे दर महिन्याला हाताने अर्धा फेरा फिरवतो. बायको म्हणते, घरात तुळशीनंतर रोज बघितली जाणारी हीच एक वस्तू.

गाडीचे पाचशे किलोमीटर पूर्ण होत आलेत. येत्या रविवारी तेल बदलायला आणि टॅपेट बघायला येतोय. फिलर गेज माझंच आणतो, तुमच्या गेजची बाराची पात मी वाकवली होती, तीही नवी घेतलीय. जेवायला थांबेन.

तुमचा,
हेराल्डवाला