ओटी पिवळी आली, तरी पाणी उकळाच

संपादक महोदय, स. न.

पावसाळी आजारांवरच्या आपल्या बातमीत ‘ओटी तपासणी पिवळी आली म्हणजे पाणी निर्धोक’ असा सूर होता. (ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, पाण्यातला क्लोरिन दाखवणारे रसायन.) कॉलरा-टायफॉइडपुरते ते ठीक. जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवी जंतूच्या बाबतीत नाही.

हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), तासभर थांबायचे, मग ओटीचे थेंब, हा गावोगावचा शिरस्ता. पिवळा रंग सांगतो तो एवढेच, की क्लोरिन शिल्लक आहे. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरिनने जिवाणू अर्ध्या तासात मरतात. जिआर्डियाच्या कवचबंद पुटीला (सिस्ट, म्हणजे त्याचे सुप्त रूप) कितीतरी जास्त वेळ लागतो, पाणी गार वा गढूळ असेल तर आणखीच. त्यात पोते उघडे राहून टीसीएल सर्दावलेली असेल, तर बोलायलाच नको.

चौपदरी फडक्याचेही तेच. नारूचा जंत फडक्याने अडला, कारण तो वाहून नेणारा सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव एक-दोन मिलिमीटरचा. जिआर्डियाची पुटी मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग! गढूळ पाणी तुरटीने निवळून गाळावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. कोमट करायला त्यात कच्चे पाणी ओतले (हे सर्रास होते) की सगळे मुसळ केरात. पाणी ओगराळ्याने घ्यावे, हात बुडू नये. दहा पुट्याही आजाराला पुरतात.

त्रास एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतो: पोट फुगते, सडक्या अंड्यासारखे ढेकर, तेलकट तरंगणारी शौच. रक्त पडत नाही, ताप क्वचितच. म्हणून घरी ओव्यावर निभावतात आणि पोराचे वजन उतरत राहते. शाळेत मिळणारी जंताची एक गोळी कृमींसाठी असते, याला ती पुरत नाही.

शौच तपासणी एकदा ‘नॉर्मल’ आली म्हणून सोडू नये. पुट्या रोज पडत नाहीत. दिवसाआड तीन नमुने द्यावेत. पातळ शौच अर्ध्या तासात प्रयोगशाळेत पोचवावी. सकाळचा नमुना संध्याकाळी नेला, तर त्यातले हलते जंतू दिसायचेच नाहीत. औषधाचा कोर्स, बरे वाटले तरी, पुरा करावा. त्यानंतर दूध पिऊन पुन्हा जुलाब लागले, तर लगेच तेच औषध सुरू करू नये: आतड्याचे अस्तर दुखावल्याने दुधातली साखर काही आठवडे पचत नाही. दूध थांबवून ताक देऊन पाहावे. तरीही जुलाब चालूच राहिले, तर पुन्हा तपासणी.

– एक वाचक, सातारा